गाठीचं नाव काय?

आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात कविता येतात, ट्रेकची वर्णनं येतात आणि 'हॉस्टेलचे दिवस' हा लेख तर दरवर्षी कोणीतरी लिहितोच. यंदा मी जरा वेगळा विषय घेतला आहे. लहान मुलांच्या मेंदूत होणाऱ्या दुर्मिळ गाठी कशा ओळखतात आणि त्यांच्यावर उपचार कसे होतात, हा तो विषय. रूम पार्टनरने लगेच विचारलं, "तू इन्स्ट्रूचा, तुला मेडिकलशी काय करायचंय?" त्याला माझी दोन उत्तरं आहेत. पहिलं म्हणजे, या आजारात डॉक्टरांच्या हाताशी असलेली बरीचशी साधनं आपल्याच सिलॅबसमधली आहेत: चुंबकीय क्षेत्र, आरएफ सिग्नल, कणांचा प्रवेगक, क्लासिफायर. दुसरं उत्तर घरचं आहे, ते पुढे येईल.

सगळ्या लेखाचा मुद्दा एकच आहे, तो आधीच सांगून टाकतो. 'मेंदूत गाठ आहे' एवढं कळणं म्हणजे निदान नव्हे. ती कोणती गाठ, तिचं नेमकं नाव काय, हे कळलं की उपचार ठरतो. नाव चुकलं तर एखाद्या मुलाला कमी उपचार मिळतो आणि आजार उलटतो, किंवा गरजेपेक्षा जास्त मिळतो आणि त्याची भरपाई ते मूल जन्मभर करत राहतं.

आधी थोडं गणित

अशा गाठी अनेक प्रकारच्या आहेत. मी उदाहरण म्हणून मेड्युलोब्लास्टोमा घेतो. डोक्याच्या मागच्या भागात, मानेच्या वर, लहान मेंदू असतो. तोल सांभाळणं, हालचाली जुळवणं ही त्याची कामं. तिथे होणारी ही गाठ. मुलांच्या मेंदूच्या घातक गाठींमध्ये हीच सर्वांत जास्त आढळते. तरीही प्रमाण किती? दहा लाख मुलांमागे वर्षाला साधारण पाच. म्हणजे एखादा फॅमिली डॉक्टर आयुष्यभर प्रॅक्टिस करेल आणि त्याच्या दवाखान्यात अशी एकही केस येणार नाही, असं सहज होऊ शकतं.

मग सरळ प्रत्येक डोकं दुखणाऱ्या मुलाचं स्कॅनिंग का करू नये? इथे आपलं प्रोबॅबिलिटीचं गणित लावून बघा. समजा एक काल्पनिक टेस्ट आहे, ती शंभरात फक्त एकदाच खोटा अलार्म देते. दहा लाख मुलांवर ती लावली तर खरे रुग्ण पाच सापडतील आणि खोटे अलार्म सुमारे दहा हजार वाजतील. त्या दहा हजार घरांत काय होईल, कल्पना करा. शिवाय लहान मूल एमआरआयच्या नळीत हलल्याशिवाय पडून राहत नाही, त्याला बहुतेक वेळा भूल द्यावी लागते. म्हणून सरसकट स्कॅन हे उत्तर नाही. उत्तर हे, की लक्षणांचा नमुना ओळखायचा आणि योग्य मुलाला योग्य वेळी मशीनपर्यंत पोहोचवायचं. एका लक्षणाने काही ठरत नाही. दोन लक्षणं एकत्र आली, ती टिकून राहिली आणि वाढत गेली, की शक्यता एकदम बदलते.

बंद डबा आणि वाहतं पाणी

लक्षणं कशी तयार होतात हे समजलं की ती पाठ करावी लागत नाहीत. मेंदूच्या आत पोकळ्या आहेत आणि त्यांत पाण्यासारखा स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो. प्रौढ माणसात दिवसाला सुमारे अर्धा लिटर. पण कोणत्याही क्षणी मेंदूत आणि मणक्यात मिळून असतो तो साधारण १५० मिलिलिटरच. म्हणजे जितकं तयार होतं तितकंच शोषलंही जातं, सिस्टीम स्टेडी स्टेटमध्ये असते. हा द्रव बाहेर पडण्याच्या वाटेवर, लहान मेंदूच्या अगदी पुढ्यात, चौथी पोकळी आहे. मेड्युलोब्लास्टोमा नेमका या जागी वाढतो. आउटलेट तुंबतो, इनलेट मात्र चालूच राहतो. आणि कवटी म्हणजे कडक बंद डबा, त्याला फुगता येत नाही. साहजिकच प्रेशर वाढतं.

रात्री आडवं झोपल्यावर हे प्रेशर आणखी वाढतं. झोपेत श्वास थोडा मंदावतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड किंचित वाढतो, त्याने मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्या बंद डब्यात अजून गर्दी होते. म्हणून अशा मुलाचं डोकं सकाळी उठल्या उठल्या दुखतं आणि उलटी होते. उलटी झाल्यावर, उभं राहून हिंडल्यावर, अकरा वाजेपर्यंत मूल बरं वाटून खेळायलाही लागतं. हीच मोठी फसगत आहे. अगदी तान्ह्या बाळात टाळू भरलेली नसते, हाडं जुळलेली नसतात, तिथे डबा फुगतो, म्हणजे डोक्याचा घेर भराभर वाढतो. म्हणून बाळाच्या डोक्याभोवती टेप लावून मोजणं ही क्षुल्लक गोष्ट नाही.

घरचं उत्तर

माझ्या मामाची मुलगी सात वर्षांची होती तेव्हाची ही हकीकत. तालुक्याच्या गावी राहायचे ते. पोरगी सकाळी शाळेच्या वेळेला उलटी करायची, दुपारी मात्र अंगणात लंगडी खेळायची. साहजिकच घरात सगळे म्हणाले, शाळा चुकवायची निमित्तं आहेत. मग पित्ताचं औषध झालं, जंताचं झालं, आजीने मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढली. दोन महिने गेले. मग मामीच्या लक्षात आलं की ती डोकं एका बाजूला कलतं धरते आणि लंगडी खेळताना पडते. आधी पडत नव्हती. ही तोलाची गडबड तिने डॉक्टरांना सांगितली, पण 'अशक्तपणा आहे' असं म्हणून टॉनिक मिळालं.

शेवटी 'फळ्यावरचं दोन-दोन दिसतं' अशी तक्रार आली म्हणून मामा तिला चष्म्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी ऑफ्थाल्मोस्कोपने डोळ्याच्या आत पाहिलं. दृष्टीची मज्जातंतू जिथे डोळ्यात शिरते ती चकती सुजलेली होती. मेंदूतलं प्रेशर त्या मज्जातंतूच्या आवरणातून डोळ्यापर्यंत पोहोचतं, म्हणून ती सुजते. डॉक्टर म्हणाले, चष्मा राहू द्या, आजच्या आज डोक्याचा सीटी स्कॅन करा. संध्याकाळपर्यंत गाठ दिसली होती. हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये जगापुढे आणलेलं हे यंत्र, एक दिवा आणि काही भिंगं. कोट्यवधींच्या मशीनचा रस्ता त्या भिंगाने दाखवला. आपण इन्स्ट्रूवाल्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

हा उशीर काही आपल्याच गावांकडे होतो असं नाही. ब्रिटनमध्ये पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत मध्यम कालावधी २००६ मध्ये सुमारे १४ आठवडे होता. तिथे २०११ मध्ये 'हेडस्मार्ट' नावाची मोहीम सुरू झाली. त्यांनी नवं मशीन वगैरे काही आणलं नाही. लक्षणांची छोटी कार्डं छापली, पालकांना आणि डॉक्टरांना वाटली. २०१३ पर्यंत तो कालावधी सात आठवड्यांच्या आत आला.

चित्र काय सांगतं

सीटी स्कॅन काही मिनिटांत होतो, गाठ आणि तुंबलेलं पाणी दाखवतो. बारकावे मात्र एमआरआय दाखवतो. दीड टेस्लाच्या चुंबकात आपल्या शरीरातल्या पाण्याचे प्रोटॉन सुमारे ६४ मेगाहर्ट्झला रेझोनन्समध्ये येतात, तीन टेस्लामध्ये १२८ मेगाहर्ट्झला. एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या आसपासचाच हा सिग्नल. त्यातली डिफ्यूजन नावाची पद्धत मला फार आवडली. तिच्यात पाण्याचे रेणू किती मोकळेपणाने हलतात हे मोजतात. मेड्युलोब्लास्टोमात पेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात, मेसच्या दारात रविवारी फीस्टला असते तशी गर्दी. पाण्याला हलायला जागा नाही. याच जागी होणारी दुसरी एक गाठ, पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा, बरीच सौम्य असते आणि तिच्यात पाणी मोकळं हिंडतं. एकच जागा, सारखीच लक्षणं, पण एक घातक आणि दुसरी अनेकदा नुसत्या ऑपरेशनने बरी होणारी. इथे नावाचा पहिला अंदाज येतो.

मेड्युलोब्लास्टोमाच्या पेशी वाहत्या पाण्याबरोबर खाली मणक्यात जाऊन रुजू शकतात. म्हणून एमआरआय फक्त डोक्याचा करून भागत नाही, पूर्ण पाठीचाही करतात. पाठीतून पाणी काढून त्यात पेशी आहेत का हेही बघतात, पण प्रेशर वाढलेलं असताना नव्हे. वर प्रेशर आणि खालून अचानक वाट मोकळी केली तर मेंदूचा भाग खाली सरकून जीव जाऊ शकतो. ती तपासणी ऑपरेशननंतर साधारण दोन आठवड्यांनी करतात.

ऑपरेशन

बऱ्याचदा पहिलं काम प्रेशर उतरवण्याचं असतं. त्यासाठी तात्पुरती नळी घालतात, कधी दुर्बिणीने आतल्या पोकळीला बायपास करून देतात, कधी त्वचेखालून पोटापर्यंत नळी नेतात. मग गाठ काढायची. इथे सर्जनचा नियम असा की शक्य तितकी काढायची, पण मेंदूला धक्का न लावता. नंतर तीन दिवसांच्या आत पुन्हा एमआरआय करून किती उरली ते मोजतात. उरलेला भाग दीड चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी, कुठे पसरलेली नाही आणि मूल तीन वर्षांपेक्षा मोठं, तर धोका तुलनेने कमी समजतात.

ऑपरेशन उत्तम होऊनही सुमारे चारातल्या एका मुलाचं बोलणं एक-दोन दिवसांत बंद पडतं. ऐकू येतं, समजतं, पण शब्द येत नाही. आठवड्यांनी, कधी महिन्यांनी बोलणं परत येतं. आमच्या पोरीचं १९ दिवस बंद होतं. मामा वॉर्डात बसून तिला घरच्या गाईची, शेजारच्या पोरांची नावं घेऊन गोष्टी सांगायचा आणि ती नुसती बघायची. डॉक्टरांनी याची कल्पना आधी दिली होती म्हणून मामा-मामी टिकले. आधी सांगणं हाही उपचाराचा भाग आहे, हे मला तेव्हा कळलं.

एका नावाखाली चार आजार

काढलेली गाठ पॅथॉलॉजिस्टकडे जाते. मेड्युलोब्लास्टोमा हे नाव पर्सिव्हल बेली आणि हार्वे कुशिंग या दोघांनी १९२५ मध्ये दिलं. 'मेड्युलोब्लास्ट' नावाच्या मूळ पेशीपासून ही गाठ होत असावी, अशी त्यांची कल्पना होती. गंमत म्हणजे ती पेशी कोणाला कधी सापडलीच नाही. नाव मात्र चिकटलं.

पुढची अनेक दशकं सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या गाठींना जवळपास सारखाच उपचार मिळायचा आणि काही मुलं बरी व्हायची, काही नाही. का, ते कळत नव्हतं. जनुकांची मोजणी शक्य झाल्यावर २०१२ मध्ये जगभरच्या संशोधकांनी एकमताने मांडलं की हा एक आजार नसून निदान चार आहेत. पहिला विंट गट. याची मुलं प्रमाणित उपचाराने ९५ टक्क्यांहून अधिक वाचतात. दुसरा सॉनिक हेजहॉग. हो, व्हिडिओ गेममधलाच, त्या जनुकाचं नाव त्यावरून ठेवलं आहे. उरलेल्या दोघांना सरळ तिसरा गट आणि चौथा गट म्हणतात. तिसऱ्या गटात मिक नावाच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतील तर निम्मी मुलंही वाचत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या वर्गीकरणात जनुकीय गट अधिकृत केले.

यात उपचार कुठे बदलतो? सॉनिक हेजहॉग गटातल्या एका प्रकारच्या तान्ह्या बाळांना नुसत्या केमोने बरं करता येतं, रेडिएशन टाळता येतं. याच गटातल्या काही मुलांत टीपी५३ या जनुकाचा दोष जन्मापासूनच असतो. तिथे रेडिएशनने पुढे दुसरा कर्करोग उद्भवायची भीती असते आणि भावंडांचीही तपासणी करावी लागते. सूक्ष्मदर्शकातून हे दिसत नाही.

महागड्या तपासण्या आपल्याकडे कशा परवडणार, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं एक उत्तर आपल्याच राज्यात तयार झालं. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने २०१३ मध्ये रिअल टाइम पीसीआरवर चालणारी चाचणी प्रसिद्ध केली. १२ जनुकं आणि ९ सूक्ष्म आरएनए मोजून ती चार गट वेगळे करते. तिला ताजा तुकडा लागत नाही, कोणत्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला तुकडा चालतो. आपल्या परिस्थितीला जमेल असं इंजिनिअरिंग म्हणतात ते हेच.

नाव लावणारा क्लासिफायर

कॉम्प्युटरवाल्यांसाठी हा परिच्छेद. डीएनएवर जागोजागी मिथाइल गटाच्या खुणा असतात आणि पेशी मूळ कुठली, याची ओळख त्या खुणांत टिकून राहते. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांनी साडेचार लाखांच्या आसपास जागांवरच्या खुणा मोजल्या आणि २,८०१ नमुन्यांवर रँडम फॉरेस्ट शिकवून ८२ प्रकारच्या गाठी ओळखणारा क्लासिफायर बनवला. २०१८ मध्ये तो 'नेचर'मध्ये आला. नव्याने आलेल्या केसेसवर चालवल्यावर जवळपास १२ टक्के रुग्णांचं निदानच बदललं. मला त्यातली जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे खात्रीचा गुण ०.९ च्या खाली असेल तर तो उगाच कुठलं तरी नाव लावत नाही, जुळत नाही असं सांगतो. व्हायवाला आपल्यापैकी किती जणांना हे जमतं?

याच पद्धतीने २०१६ मध्ये एक जुनं नावच मोडीत निघालं. 'सीएनएस पीनेट' या नावाखाली साठवलेल्या ३२३ गाठी पुन्हा तपासल्या, तेव्हा त्यांतल्या पुष्कळशा भलत्याच, आधीपासून माहीत असलेल्या गाठी निघाल्या. म्हणजे तेवढ्या मुलांवर दुसऱ्याच नावाने उपचार झाले होते. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी हे नाव काढून टाकलं.

रेडिएशनचा हिशेब

कमी धोक्याच्या मुलाला पूर्ण मेंदू आणि पूर्ण पाठीच्या कण्याला २३.४ ग्रे रेडिएशन देतात. रोज १.८ ग्रे, म्हणजे १३ दिवस. मग फक्त गाठीच्या जागेला आणखी १७ दिवस, असे एकूण ५४ ग्रे. आठवड्यातले पाच दिवस धरले तर तीस बैठका सहा आठवड्यांत. जास्त धोक्याचं असेल तर पूर्ण मेंदू-कण्याला ३६ ग्रे. पुढे काही महिने केमोथेरपी. या पद्धतीने कमी धोक्याची दहांपैकी आठ मुलं पाच वर्षांनंतरही आजारमुक्त असतात.

किंमत मात्र मोजावी लागते. वाढत्या मेंदूला रेडिएशन लागलं की शिकण्याचा वेग मंदावतो. कण्याची वाढ खुंटते. पिट्युटरी ग्रंथीवर परिणाम होऊन उंची राहते. सिस्प्लॅटिन या औषधाने ऐकू कमी येतं. म्हणून सगळ्यांची धडपड डोस कमी करण्याची आहे. अमेरिकेत तीन ते सात वर्षांच्या मुलांत २३.४ ऐवजी १८ ग्रे देऊन पाहिले. २०२१ मध्ये निकाल आला: पाच वर्षं आजार न उलटलेली मुलं ८३ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर आली. म्हणजे सर्वांसाठी सरसकट कपात चालली नाही. गाठीच्या जागेभोवतीचा शेवटचा डोस मात्र लहान भागाला दिला तरी नुकसान झालं नाही. मुंबईत टाटा मेमोरियलनेही विंट गटाच्या मुलांत कण्याचं रेडिएशन पूर्ण वगळून पाहिलं, तेव्हा आजार कण्यात उलटू लागला आणि ती वाट सोडावी लागली. म्हणजे नाव चांगलं निघालं म्हणून उपचार मनानेच कमी करायचा नसतो, ते मोजून, जपून करायचं काम आहे.

इथे प्रोटॉन उपयोगी पडतो. एक्स-रे शरीराच्या आरपार जातो, त्यामुळे कण्याला देताना पुढचं हृदय, थायरॉइड, पोट यांनाही थोडा मार बसतो. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर बहुतेक ऊर्जा टाकून थांबतो. या शिखराला ब्रॅग पीक म्हणतात, फिजिक्सच्या पेपरात आपण ते काढलं आहे. त्याचा उपचारासाठी उपयोग करा, असं रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये सुचवलं. आपल्या देशात चेन्नईला २०१९ मध्ये आणि खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये २०२३ मध्ये प्रोटॉन उपचार सुरू झाला.

जिथे गाठ काढताच येत नाही

सगळ्याच नावांच्या नशिबी हे यश नाही. मेंदूच्या देठात, पॉन्समध्ये, श्वास, गिळणं, डोळ्यांची हालचाल यांच्या तारा एकत्र बांधलेल्या असतात. तिथली पसरणारी गाठ, डीआयपीजी, त्या तारांच्या मधूनच वाढते. ती काढता येत नाही. नील आर्मस्ट्राँग यांची मुलगी कॅरन हिला पॉन्समध्येच गाठ झाली होती. जानेवारी १९६२ मध्ये ती गेली, तिसरा वाढदिवसही झाला नव्हता. साडेसात वर्षांनी तिचे वडील चंद्रावर उतरले. चंद्र गाठला, पण या गाठीपुढे विज्ञान अजूनही थकतं. रेडिएशनने काही महिने बरं वाटतं, पण बहुतेक मुलं निदानानंतर वर्षभराच्या आसपास जातात.

इथेही नावाचीच गोष्ट आहे. एमआरआयवर ओळखता येते आणि सुई घालणं धोक्याचं, म्हणून अनेक वर्षं या गाठीचा तुकडाच कोणी घेत नसे. तुकडा नाही तर संशोधन नाही. २००७ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी दाखवलं की नेमकी सुई घालून तुकडा सुरक्षितपणे घेता येतो. २०१२ मध्ये असे तुकडे तपासताना हिस्टोन या प्रथिनात एच३ के२७एम हा एकाच अक्षराचा बदल सापडला. त्याच बदलाच्या उलटलेल्या गाठींसाठी डॉर्डाव्हिप्रोन या गोळीला अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. ती आजार मुळातून बरा करत नाही, काही रुग्णांत गाठ आकसते एवढंच. पण पन्नास वर्षं जिथे काहीच हललं नव्हतं, तिथे तुकडा घेतल्यावर, नाव कळल्यावर, पहिली फट पडली.

आपण काय करायचं?

आपल्या सगळ्यांच्या घरी लहान भावंडं, भाचरं आहेत. आपल्या स्टाफ क्वार्टर्समध्येही छोटी मुलं आहेत. त्यांच्यासाठी हे कात्रण कपाटावर चिकटवून ठेवावं अशी माझी सर्वांना, सरांना आणि मॅडमनाही, विनंती आहे.

दोन आठवडे टिकून राहिलेल्या उलट्या, विशेषतः सकाळच्या. चार आठवड्यांहून अधिक टिकलेली नवी डोकेदुखी. चालताना तोल जाणं, हात थरथरणं, आधी येणारी गोष्ट न जमणं. नवा तिरळेपणा, दोन-दोन दिसणं, डोळे लुकलुकत हलणं. डोकं एका बाजूला कलतं धरणं. फिट येणं. बाळाच्या डोक्याचा घेर भराभर वाढणं. स्वभाव एकदम बदलणं, मूल सुस्त पडणं. मोठ्या मुलांत वाढ किंवा वयात येणं थांबणं. यातल्या बहुतेक मुलांना गाठ नसते, हे पुन्हा सांगतो, घाबरून जाऊ नका. पण दोन गोष्टी जुळल्या आणि वाढत चालल्या, तर डॉक्टरांना तारखेसकट सांगा: हे कधी सुरू झालं, दिवसात केव्हा होतं, आधी काय येत होतं जे आता येत नाही. फिट आली, मूल गुंगीत जाऊ लागलं किंवा तोल एकाएकी गेला तर मात्र वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयात न्या. आपण जर्नलमध्ये रीडिंग लिहितो तसं लिहून न्या. तोंडी तक्रारीपेक्षा लिहिलेल्या तारखा जास्त वजनदार ठरतात.

आणि घरात उपचार सुरू झाला तर तो अर्धवट सोडू देऊ नका. आमच्या माणसांनी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत महिने काढले. मुंबईत २००६ पासून सेंट ज्यूड इंडिया ही संस्थाही कर्करोगाच्या मुलांना आईवडिलांसह मोफत राहायला जागा देते. रुग्णालयातल्या समाजसेवकांना भेटलं की ते योजना आणि ट्रस्ट यांची वाट दाखवतात. पैशापेक्षा राहायच्या जागेपायी गाव गाठणारी कुटुंबं मामाने तिथे पाहिली.

आपण हॉस्टेलवाले आणखी एक करू शकतो. केमो चालू असलेल्या मुलांना प्लेटलेट लागतात आणि त्या पाचच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत. अठरा वर्षं पूर्ण आणि तब्येत चांगली असलेल्या प्रत्येकाने जवळच्या ब्लड बँकेत नाव, रक्तगट आणि मोबाईल नंबर देऊन ठेवावा. विंग-विंगप्रमाणे यादी करायचं काम मी आणि माझ्या रूम पार्टनरने अंगावर घेतलं आहे, रेक्टर सरांची परवानगीही मिळाली आहे.

मामाची मुलगी आता नववीत आहे. तिची गाठ चौथ्या गटाची, कमी धोक्याची निघाली होती. कानाला मशीन आहे, वर्गात उंचीने सर्वांत लहान आहे, गणिताच्या पेपरला तिला जास्तीचा वेळ मिळतो. चित्रं सुंदर काढते. दर वर्षी एमआरआय असतो तेव्हा मामी दोन दिवस जेवत नाही. 'बरी झाली' या दोन शब्दांत हे सगळं येतं, आणि शाळेने, शेजाऱ्यांनी, आपण सर्वांनी ते समजून घ्यायला हवं.

बीईच्या प्रोजेक्टला विषय शोधणाऱ्यांसाठी शेवटचं. तालुक्याच्या दवाखान्यात मोबाईलला जोडून डोळ्याच्या आतलं चित्र घेता येईल असं स्वस्त उपकरण आम्ही तिघे करून बघणार आहोत. ऑप्टिक्स येणारा एक जण हवा आहे. रस असेल त्याने मेसमध्ये गाठावं.